सात घरांची भाजी

नोबुए कातागिरी भाजीमंडळात गेली ती भाजीसाठी नाही, भिडेपोटी. लग्न होऊन उत्तरेकडून साइतामातल्या त्या वसाहतीत आली तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. कडेवर पोर, आणि नवरा सकाळी जायचा तो रात्रीच उगवायचा. अशात एक दिवस तळमजल्यावरच्या कुसाकाबेबाई दारात उभ्या. हातात पालेभाजीची जुडी, पानांना भोकंच भोकं. म्हणाल्या, ही बिनऔषधाची आहे, आम्ही सहा घरं मिळून एका शेतकऱ्याकडून वर्षभर भाजी घेणार आहोत, सातवं घर मिळालं तर तो इथवर ट्रक आणायला तयार आहे. ती भोकं बघून नोबुएला शिसारी आली होती. पण समोरची बाई वयानं मोठी, त्यातून शेजारीण, त्यातून जुडी पुढे केलेली. नाही कसं म्हणायचं? नोबुए हो म्हणाली. आमच्याकडे निम्मी लग्नंसुद्धा अशीच ठरतात, तिथे भाजीचं काय घेऊन बसलात.

मग सातही जणी डोंगराकडच्या यात्सुदा गावात शेतकऱ्याला भेटायला गेल्या. होरिगोमे त्याचं नाव. तेव्हा चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. रुंद हात, बोलायला अगदी कमी, आणि बायको हात्सुए त्याच्या वाट्याचंही बोलणारी. चटईवर बसून त्यानं सरळ सांगितलं की फवारणी बंद करायला मी तयार आहे, पण मग किडकी भाजी बाजार घेणार नाही, गाव हसेल ते वेगळंच. तेव्हा माझं एकच मागणं आहे.

"जे येईल ते घ्यायचं, आणि येईल तेवढं सगळं घ्यायचं. निवडायचं नाही, परत करायचं नाही."

कुसाकाबेबाईंनी कपाळ चटईला टेकवलं. पाठोपाठ सगळ्यांनी टेकवलं. नोबुएच्या पाठीवर पोर बांधलेलं होतं, तरी तिनंही टेकवलं. बाकीच्यांचं मला माहीत नाही, पण नोबुए मान खाली घालून जे कबूल करते ते तिच्या हाडात जाऊन बसतं. हा तिचा गुण म्हणा की खोड म्हणा, पुढचं सगळं त्यातूनच झालं.

पहिल्या वर्षी कोबी आला तो कोबी नव्हताच, जाळी होती नुसती. तो त्यांनी घेतला. उन्हाळ्यात काकड्या आल्या त्या इतक्या की न्हाणीच्या टबात बुडवून ठेवाव्या लागल्या आणि नवऱ्याला आंघोळीला सार्वजनिक हमामात जावं लागलं. त्याही घेतल्या. हिवाळ्यात मुळा, मुळा आणि मुळा. शिजवून, किसून, वाळवून, कोंड्यात मुरवून सगळ्या प्रकारांनी तो खाल्ला, आणि नोबुएचं पोर बोलायला लागलं तेव्हा 'आई'च्या आधी 'मुळा' म्हणालं असं कुसाकाबेबाई सगळीकडे सांगत सुटायच्या. ते खोटं होतं, पण फार दूरचं खोटं नव्हतं.

मंडळाचा आणखी एक नेम होता. वर्षातून दोनदा सगळ्यांनी शेतावर कामाला जायचं. शहरातल्या बायका आणि काम. पहिल्याच खेपेला सातही जणींनी मिळून एक अख्खा वाफा खुरपून लख्ख केला. होरिगोमेंनी येऊन बघितलं, उपटलेल्या ढिगाकडे एकवार नजर टाकली आणि म्हणाले, छान स्वच्छ झालं. त्या हिवाळ्यात गाजर काही आलं नाही. का आलं नाही हे हात्सुएच्या तोंडून पुढच्या वर्षी निसटलं. बायकांनी तण म्हणून उपटली होती ती गाजराची रोपं होती. हा माणूस त्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. म्हणजे बघा, भिडस्तपणात नोबुए एकटी नव्हती. तिला जोडीदार तोडीस तोड मिळाला होता.

वर्षं गेली. भाजीची पद्धत तशीच राहिली. दर गुरुवारी सकाळी होरिगोमेंचा छोटा पांढरा ट्रक वसाहतीच्या फाटकाशी यायचा, सायकली लावायच्या शेडमध्ये सात क्रेट उतरायचे, रिकामे सात परत जायचे. ते कधी इमारतींकडे फिरकले नाहीत. लोकांच्या दाराशी विनाकारण जाणं त्यांना बरं वाटत नसे. आधी सगळ्या जणी आळीपाळीनं खाली यायच्या. मग एकेकीनं नोकरी धरली, आणि शेडमध्ये थांबायचं काम नोबुएकडे आलं ते आलंच. तिचा मुलगा केन्साकु नागोयाला गेला, नवरा वारला. आठवड्यात तिच्याशी समोरासमोर बसून चार वाक्यं बोलणारा माणूस राहिला तो होरिगोमे. ती थर्मासमधून चहा न्यायची, ते ट्रकच्या पायरीवर टेकून प्यायचे.

पहिल्यांदा गेल्या त्या नेझूबाई. नवऱ्याची बदली झाली. नोबुएनं ठरवलं की गुरुवारी सांगून टाकायचं, आता आमची सहाच घरं राहिली. वाक्य तिनं घरी म्हणूनसुद्धा बघितलं. पण त्या गुरुवारी होरिगोमे ट्रकमधून उतरले आणि तिच्या आधी त्यांनीच टोपी काढली. म्हणाले, पलीकडच्या गावातलं मंडळ बंद झालं, तिथल्या बायका म्हाताऱ्या झाल्या. आता माझ्याकडे तुमचीच सात घरं राहिली. तुमची सात आहेत म्हणून मी उभा आहे. आणि मग चहाचा कप हातात घेत विचारलं, "नेझूसान कशा आहेत?"

आता सांगा, तुम्ही काय म्हणाला असता?

"मजेत आहेत," नोबुए म्हणाली. आणि नुसतं एवढंच कोरडं वाटलं म्हणून वर जोडलं, "तुमच्या अळकुड्या त्यांना फार आवडल्या म्हणाल्या."

होरिगोमेंचा चेहरा उजळला. तो चेहरा बघून नोबुएला वाटलं की एक आठवडा जाऊ दे, पुढच्या गुरुवारी सांगू. पुढच्या गुरुवारी ते म्हणाले, नेझूसानना आवडतात तर पुढच्या वर्षी अळकुड्यांची एक ओळ जास्त लावतो. झालं. आता ती ओळ लावून झाल्यावर कुठल्या तोंडानं सांगायचं?

एकदा एका घराचं सांगितलं नाही की दुसऱ्याचं सांगणं दुप्पट जड जातं. ओरिहाराबाई मुलीकडे राहायला गेल्या. मिझोगुचींना डॉक्टरनं पालेभाजी बंद केली. सेनबांची नवी सून म्हणाली, आम्हाला हवं ते हवं तेव्हा दुकानातून आणू, आणि तिचंही काय चुकलं? वाकुईंनी वसाहतच सोडली. दरवेळी नोबुए मान खाली घालून म्हणायची, बरं बरं, काळजी करू नका, होरिगोमेसानना मी कळवते. आणि कळवायची नाही. शेवटी कुसाकाबेबाई गेल्या, त्या मात्र कायमच्याच. ऐन थंडीत, झोपेत. त्यांच्या अंत्यविधीला होरिगोमेंना बोलवायलाच हवं होतं. नोबुए फोनपाशी तीनदा जाऊन बसली. पण एका घराचं सांगायचं म्हणजे बाकीच्या पाचांचंही सांगायला लागणार. तिनं फोन उचलला नाही. त्या गुरुवारी त्यांनी कुसाकाबेबाईंची गुडघेदुखी कशी आहे विचारलं, तेव्हा ती म्हणाली, आता काही दुखत नाही. घरी येऊन ती न्हाणीत नळ सोडून रडली.

सहा घरांचे पैसे ती पेन्शनमधून भरायची, ते एक वेळ सोडा. पण सात क्रेट भाजी एका बाईनं खायची कशी? गॅलरीत मुळ्याच्या माळा वाळायच्या, पिंपांत कोबी मुरायचा, फ्रिजचं दार लागायचं नाही. नागोयाला खोकी जायची. शेवटी सुनेनं फोन केला, फार गोड आवाजात, की आई, आमचा फ्रिज लहान आहे हो. म्हणजे काय ते नोबुएला कळलं. मग ती शेजारपाजारी वाटायला लागली. पण आमच्याकडे कुणी काही दिलं की परतफेड आलीच. मुळा घेतला की बिस्किटांचा पुडा द्यायचा, रताळी घेतली की टरबुजाची फोड द्यायची. लोक दोनदा देतात, तीनदा देतात, मग जीव मेटाकुटीला येतो. शेवटी तर तिची चाहूल लागली की जिन्यातली दारं हळूच लागायला लागली. कुणी वाईट नव्हतं. प्रत्येकाला फक्त परत काय द्यायचं याची धास्ती होती. उरलेला पाला ती पहाटे वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात ठेवायची आणि त्या पुडक्याला हात जोडायची.

आणि गुरुवारी खाली जाऊन काय सांगायची? ओरिहारांच्या नातवानं गाजर कच्चंच खाल्लं. सेनबा म्हणतात असा लसूण कुठे मिळत नाही. वाकुईंच्या घरी वांग्यावरून भांडण झालं. सहा घरांचा संसार ती एकटी चालवत होती, आणि बरा चालवत होती. तिला त्यात गोडीही लागली होती, हे कबूल करायला हवं. कुणाला भाजी आवडली म्हणून सांगताना दोन मिनिटं का होईना, ती माणसं मंडळात परत आल्यासारखी वाटायची. फक्त होरिगोमे ते सगळं मनावर घ्यायचे. गाजराला वाफा वाढला, लसणाला वाफा वाढला, अळकुड्यांच्या ओळी तर दरवर्षी वाढतच गेल्या. माणूस सत्तरी ओलांडलेला. ट्रकमधून उतरताना दार धरून उतरायचा, क्रेट उचलताना श्वास मोठ्यानं घ्यायचा. नोबुएला ते दिसत नव्हतं असं नाही. ती म्हणायची, आता जरा कमी करा, होरिगोमेसान. ते म्हणायचे, सात घरं आहेत, कमी कसं करून चालेल. ती त्यांचा कप परत भरायची. दर गुरुवारी ती ठरवून यायची, की आज सांगावं, आणि दर गुरुवारी ते वाक्य चहाबरोबर खाली जायचं.

मग पानगळीच्या दिवसांत एका गुरुवारी ट्रक आला नाही. इतक्या वर्षांत बर्फ पडला तरी आला होता, भूकंपानंतर रस्ता फुटला तेव्हा उशिरा का होईना आला होता. नोबुए शेडमध्ये थर्मास धरून दुपारपर्यंत उभी राहिली. घरी आली तर फोन वाजत होता. हात्सुए होती. आवाज बारीक झालेला. होरिगोमे आदल्या दिवशी अळकुड्या खणताना वाफ्यातच कोसळले होते. डोक्यातली शीर. उजवी बाजू गेली, पण जीव वाचला, शुद्धीवरही आले.

"शुद्धीवर आल्या आल्या काय म्हणाले माहितीये?" हात्सुए म्हणाली. "सात घरं वाट बघत असतील, त्यांना कळव. नोबुएसान, तेवढं तुम्ही कराल का? मला सगळ्यांचे नंबर सापडत नाहीत."

"करते," नोबुए म्हणाली.

फोन ठेवून ती तिथेच बसून राहिली. कुणाला करायचा फोन? नेझूंचा नंबर बदललेला, ओरिहारांचा माहीत नाही, कुसाकाबेबाईंना कुठून करणार. अर्ध्या तासानं तिनं हात्सुएलाच परत फोन लावला. म्हणाली, सगळ्यांना सांगितलं, सगळे म्हणतात भाजीची काळजी करू नका, तब्येत सांभाळा. हात्सुए पलीकडे रडत होती आणि आभार मानत होती. नोबुएनं जन्मात इतकी स्वतःची लाज वाटून घेतली नव्हती. पण लाज वाटून माणूस खरं बोलायला लागतो असं थोडंच असतं?

ती इस्पितळात दोनदा जाऊन आली. एकदा ते झोपलेले होते, एकदा आजूबाजूला लोक होते. दोन्हीदा ती फळं ठेवून, सहा घरांचे नमस्कार सांगून परत आली. परत येताना गाडीत तिनं ठरवलं की बरे होऊन घरी गेले की सगळं सांगायचं, तोवर आजारी माणसाला कशाला त्रास. हेसुद्धा तिला पटलं. तिला पटवायला वेळ लागतच नसे.

थंडी सरत आली. प्लमच्या झाडांना कळ्या धरल्या होत्या. गुरुवारच होता. नोबुए कचरा ठेवायला खाली आली तर फाटकाशी तोच पांढरा ट्रक उभा. स्टिअरिंगवर हात्सुए होती. दुसऱ्या दारानं होरिगोमे उतरत होते. चार पायांची काठी, उजवा हात पोटाशी दुमडलेला, पण अंगात स्वच्छ सदरा आणि कोट. मागे क्रेट नव्हते. नुसती एक कापडी पिशवी होती.

त्यांची जीभ अजून जड होती, पण कळत होतं. म्हणाले, शेती बंद केली. वसंतात पेरायचं म्हणून बियाणं काढलं होतं, पण हात ऐकत नाही. ज्यांनी इतकी वर्षं एक पान परत केलं नाही, त्यांना फोनवर सांगणं बरं दिसत नाही. म्हणून प्रत्येकाच्या दाराशी जाऊन सांगतो. पिशवीत सात टॉवेल होते, प्रत्येक पांढऱ्या कागदात बांधलेला, वर होरिगोमेंचं स्वतःचं नाव. घर सोडताना, धंदा बंद करताना आमच्याकडे असा दारोदार टॉवेल देऊन निरोप घेतात. नोबुएला ते माहीत होतं.

तिनं काय काय सांगून बघितलं. सगळे कामाला गेलेत. जिने चढणं तुम्हाला जमायचं नाही. माझ्याकडे द्या, मी पोचवते, एकूण एक घरी पोचवते. ते हसले, अर्ध्या तोंडानं. म्हणाले, माणूस नसेल तर बंद दारापुढे मान लववीन आणि कडीला अडकवून येईन, त्यांना कळेल. आणि वरचे मजले नंतर, आधी तळमजल्यावर कुसाकाबेसानकडे जाऊ. पहिल्या त्याच होत्या, दाराचा नंबर पाठ आहे मला. असं म्हणून ते चालायला लागलेसुद्धा. काठी टेकून एक पाऊल, मग दुसरं ओढत आणायचं.

नोबुए त्यांच्यामागे जाणार तेवढ्यात हात्सुएनं तिचा हात धरला. नवरा जरा पुढे गेल्यावर हळू आवाजात म्हणाली, तुम्हाला एक सांगायचं राहून जातंय.

"गेली आठ-नऊ वर्षं मी यांच्या मागे लागले होते, आता पुरे करा म्हणून. डॉक्टरही सांगत होते. तर म्हणायचे, सातातलं एक घर जरी कमी झालं ना, तर त्याच दिवशी थांबतो. ते आपणहून सोडतील, मी नाही सोडायचो. मी दर गुरुवारी वाट बघायची, आज तरी एखादं घर सुटेल. देवाला नवस बोलले मी, काय सांगू." ती हसली, डोळे पुसले. "पण तुम्ही माणसं इतकी शब्दाची पक्की. एकही सुटलं नाही. तेव्हा मला राग यायचा तुमचा, नोबुएसान. आज म्हटलं, त्याची माफी मागून घ्यावी."

आणि ती वाकली. नोबुएनं त्यातलं एकच ऐकलं. एक घर. नेझूबाई गेल्या तेव्हाच एक वाक्य बोलली असती तर हा माणूस आज आपल्या ओसरीवर चहा पीत बसला असता. तिला ओरडावंसं वाटलं, आणि तिच्याच्यानं हात्सुएला वाकून उलट नमस्कार करण्यापलीकडे काही झालं नाही. सवयीनं वाकली ती.

मग तिला तळमजल्याचं दार आठवलं आणि ती धावली. उशीर झाला होता. होरिगोमे दारापुढे उभे होते आणि दारावरची पाटी वाचत होते. तिथे कुसाकाबे हे नाव नव्हतंच. काठीचा आवाज ऐकून म्हणा किंवा कसं, आतून दार उघडलं. तरुण मुलगी, कडेवर बाळ. परक्या म्हाताऱ्याला बघून गोंधळली. होरिगोमेंनी विचारलं, कुसाकाबेसान इथेच राहतात ना?

"आम्ही इथे चार वर्षं आहोत हो, आजोबा," ती म्हणाली. "आधीच्या आजी वारल्या असं ऐकलंय, नक्की माहीत नाही. पण या काकूंना ठाऊक असेल." तिनं मागून आलेल्या नोबुएकडे बोट केलं, आणि काहीतरी चांगलं बोलावं म्हणून पुढे म्हणाली, "या आम्हा सगळ्यांना खूप भाजी द्यायच्या. अख्ख्या इमारतीला. एकट्या माणसाला इतकी भाजी कुठून येते असं आम्हाला नेहमी वाटायचं."

तिनं नमस्कार करून दार लावून घेतलं. बिचारीला काय माहीत.

होरिगोमे बराच वेळ त्या बंद दाराकडे बघत राहिले. हात्सुएही येऊन पोचली होती. तिनं दारावरचं नाव वाचलं, नोबुएकडे बघितलं आणि तोंडावर हात घेतला. नोबुए वाट बघत होती. त्यांनी शिव्या द्याव्यात, काठी आपटावी, निदान का म्हणून विचारावं. काहीही चाललं असतं. ते सावकाश तिच्याकडे वळले.

"कुसाकाबेसान कधी गेल्या?"

"चार वर्षांपूर्वी. थंडीत."

"उदबत्ती लावायला आलो असतो," ते म्हणाले. एवढंच म्हणाले. बाकीच्या पाच घरांचं त्यांनी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरच ते सगळं लिहिलेलं होतं, विचारायचं काय राहिलं होतं?

"होरिगोमेसान, मी," नोबुएनं सुरुवात केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरोखर सुरुवात केली. पण त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली होती आणि डावा हात पिशवीत घातला होता. पहिला टॉवेल काढून त्यांनी तिच्यापुढे धरला.

"कुसाकाबेसान," ते तिच्याकडे बघून म्हणाले, "इतकी वर्षं भाजी घेतलीत. फार आभारी आहे." आणि वाकले. काठीशिवाय वाकायचं म्हणजे तोल जात होता, हात्सुएनं मागून कोट धरला. पण ते अर्धवट वाकले नाहीत, दारोदार जसं वाकतात तसं पूर्ण वाकले आणि वर आले. नोबुएनं टॉवेल घेतला. न घेऊन करते काय?

त्यांनी दुसरा काढला. "नेझूसान. अळकुड्या आवडीनं खाल्लीत. आभारी आहे." वाकले, वर आले. ओरिहारासान, नातवाला गाजर आवडलं, बरं वाटलं. मिझोगुचीसान. सेनबासान, लसणाबद्दल आभार. वाकुईसान. प्रत्येकाला काय आवडलं म्हणून तिनं सांगितलं होतं, त्यातलं ते काही विसरले नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, उजवा पाय थरथरत होता. नोबुए दरवेळी म्हणत होती, नको, होरिगोमेसान, पुरे, हात जोडते. जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडातून 'नको' निघत होतं आणि कुणी ते ऐकत नव्हतं. तिच्या हातात टॉवेलांची चळत वाढत चालली होती आणि तिला ती खालीही ठेवता येत नव्हती.

शेवटचा टॉवेल त्यांनी जरा वेळ हातातच धरला. हा तिचा होता.

"कातागिरीसान," ते म्हणाले, आणि पुढे काय म्हणावं ते त्यांना सुचलं नाही. तेव्हा ते नुसतेच वाकले. सगळ्यांत जास्त वेळ वाकून राहिले. नोबुएही समोर वाकली होती, सात टॉवेल छातीशी धरून. दोघांपैकी आधी कुणी सरळ व्हायचं हे कळेना. शेवटी हात्सुएनंच नवऱ्याचा दंड धरून त्यांना उभं केलं आणि काठी हातात दिली.

त्यांनी रिकामी पिशवी बायकोकडे दिली.

"चल," ते म्हणाले. "सातही घरं झाली."